पायी चालणाऱ्यांचे गाव

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कर्जतच्या अलीकडे, नेरळ नावाचे एक स्थानक लागते. त्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून जरासा सुटून उभा असलेला एक रुंद माथ्याचा डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर दाट झाडी आहे आणि त्या झाडीत एक गाव वसले आहे. माथ्यावरचे रान म्हणून त्यास माथेरान हे नाव पडले. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील हे गाव थंड हवेसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. परंतु आज आपण त्याची माहिती घेणार आहोत ती थंड हवेसाठी नव्हे. या गावात मोटार येत नाही. रुग्णवाहिका व आगीचा बंब यांच्यासारखी निकडीची वाहने सोडली, तर माथेरानच्या रस्त्यांवरून मोटार चालविण्यास बंदी आहे. गावातील माणसाने स्वतःची मोटार घेतली, तरी ती त्यास घराच्या दारात आणून उभी करता येत नाही.

नेरळहून निघालेला घाटाचा रस्ता दस्तुरी नाक्यापाशी येऊन संपतो. मोटार लहान असो की मोठी, तिचा धनी व्यापारी असो की सरकारी अधिकारी, येथे सर्वांस खाली उतरावे लागते. नगरपालिकेचा कर भरावयाचा आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी जावयाचे, नाही तर घोड्यावर बसावयाचे. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून चिमुकल्या आगगाडीने बाजारपेठेपर्यंत जाण्याचीही सोय आहे. येथून पुढे काळा डांबरी रस्ता मागे राहतो आणि जांभ्या दगडाची तांबडी वाट सुरू होते. पावसाळ्यात ती निसरडी होते. उन्हाळ्यात तिची बारीक धूळ उडते आणि पायांवर, कपड्यांवर, झाडांच्या पानांवर बसते. माथेरानहून परतलेला प्रवासी त्याच्या तांबड्या पायांवरून ओळखावा, असे थट्टेने म्हणतात ते काही खोटे नाही.

या गावाचा ‘शोध’ १८५० साली ह्यू मॅलेट या ठाण्याच्या तत्कालीन कलेक्टराने लावला, असे पुस्तकांतून लिहिलेले आढळते. ‘शोध’ हा शब्द येथे जपूनच वापरला पाहिजे. कारण डोंगराच्या कुशीतील ठाकूर, कातकरी व धनगर लोकांस हा माथा काही नवा नव्हता. त्यांच्या पायवाटांवरूनच साहेब वर आला. पुढे बंगले झाले, बाजार वसला. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने पुष्कळ खर्च करून नेरळपासून वर आगगाडी आणली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट असून सुमारे एकवीस किलोमीटरचा मार्ग चढण्यास तिला अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. मोटारी सर्वत्र झाल्यानंतरही माथेरानने त्यांना माथ्यावर येऊ दिले नाही, आणि २००३ साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित केला, तेव्हा झाडीबरोबर ही जुनी चालही राखली गेली.

मोटार नाही म्हणजे धूर नाही आणि भोंग्यांचा कलकलाट नाही, हे लाभ कोणाच्याही ध्यानात येतील. पण यापेक्षा निराळी अशी एक गोष्ट या गावात घडते व ती पाहुण्यांच्या सहसा लक्षात येत नाही. येथील माणसे एकमेकांस दिवसातून अनेकदा भेटतात. मुद्दाम भेट ठरवावी, वेळ घ्यावी, असे काही न करता भेटतात.

सकाळची वेळ घ्या. शाळेची मुले दप्तरे पाठीस लावून निघालेली असतात. दुकानदार दुकानाच्या फळ्या उघडीत असतो. घोडेवाले आपापली जनावरे घेऊन नाक्याकडे चाललेले असतात. खालच्या वाड्यांतून भल्या पहाटे निघालेली आदिवासी माणसे पायवाटेने डोंगर चढून वर पोहोचलेली असतात. कोणाच्या डोक्यावर भाजीची पाटी असते, कोणी हॉटेलांत कामास आलेले असतात. या सर्वांची वाट एकच. ती फारशी रुंद नाही. तेव्हा एकमेकांच्या अंगावरून जाताना दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाणे कठीण होते.

“काय, बाजाराला का?”

“होय. गूळ संपलाय. तुमच्या आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?”

“आता चालते थोडंथोडं. येऊन जा एकदा.”

एवढेच संभाषण. त्यात मोठे ज्ञान नाही की काव्य नाही. परंतु अशा संभाषणांतूनच गावाला गावाची खबर राहते. कोणाचा मुलगा परीक्षेत उतरला, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाच्या घोड्याने खाणे सोडले, हे सारे सूर्य माथ्यावर येण्याच्या आत बाजारपेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले असते. याचा जाचही होतो, हे सांगितले पाहिजे. आपल्या घरातील प्रत्येक गोष्ट चार लोकांनी विचारावी, हे सर्वांस आवडते असे नाही. तरीपण एखादी एकटी राहणारी म्हातारी रोज दूध घ्यावयास येते आणि एके दिवशी आली नाही, तर तिच्या दारावर थाप मारून “आजी, बऱ्या आहात ना?” असे विचारणारा कोणीतरी अशा गावात असतो. मोठ्या शहरात बंद दारांच्या इमारतींत असे कोणी नसल्यामुळे काय होते, ते आपण वर्तमानपत्रात अधूनमधून वाचतो.

असे का व्हावे? माथेरानची माणसे जात्याच अधिक बोलकी असतात काय? तसे मुळीच नाही. याचे उत्तर पुष्कळसे साध्या गणितात आहे. तुम्हीही ते करून पाहू शकाल. चालणारा मनुष्य एका सेकंदात सुमारे सव्वा मीटर पुढे जातो. समोरून दुसरा मनुष्य त्याच वेगाने येत असेल, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदास अडीच मीटरने कमी होते. ओळखीचा चेहरा वीस मीटरांवरून नीट दिसू लागतो असे धरू. म्हणजे चेहरा दिसल्यापासून समोरासमोर येईपर्यंत दोघांस आठ सेकंद मिळतात. आठ सेकंद काही थोडे नव्हेत. तेवढ्यात ओळख पटते, ओठांवर हसू येते, नाव आठवते, काय विचारावयाचे ते सुचते. आणि थांबावयाचे ठरविले, तर पाय तत्क्षणी थांबतात.

आता हीच दोन माणसे ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन मोटारींत बसवा. प्रत्येक मोटार सेकंदास सुमारे अकरा मीटर धावते. वीस मीटरांचे अंतर त्या एका सेकंदाच्या आतच तोडतात. तेवढ्या वेळात चेहरा कसला दिसणार? मध्ये दोन काचा आहेत, आणि मोटार हाकणाऱ्याची दृष्टी रस्त्यावरच असली पाहिजे. नसली तर अपघात ठरलेला. सख्खे शेजारी असूनही ती दोघे एकमेकांस न पाहता निघून जातील. यात त्यांचा दोष काहीच नाही. यंत्राचा वेग आणि मनुष्याच्या डोळ्याचा वेग यांचा मेळ बसत नाही, एवढेच.

या गोष्टीची पद्धतशीर पाहणी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात झालेली आहे. डोनाल्ड अॅपलयार्ड नावाचे एक प्राध्यापक तेथे नगररचनेचा अभ्यास करीत. १९७० सालाच्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वस्तीतील तीन रस्ते निवडले. घरे साधारण सारखी, माणसेही साधारण सारख्या स्थितीतील. फरक मुख्यतः वाहनांच्या संख्येचा. पहिल्या रस्त्यावरून दिवसाकाठी सुमारे दोन हजार वाहने जात, दुसऱ्यावरून आठ हजार आणि तिसऱ्यावरून सोळा हजार. मग त्यांनी घरोघर जाऊन एक साधा प्रश्न विचारला : या रस्त्यावर तुमचे मित्र किती आणि नुसत्या ओळखीचे किती? कमी वाहनांच्या रस्त्यावरील मनुष्यास सरासरीने तीन मित्र होते आणि सहाहून अधिक ओळखीचे लोक होते. सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावरील मनुष्यास सरासरीने एकही पुरता मित्र नव्हता, आणि ओळखीचे लोक तीनच होते. वाहने आठपट झाली आणि मैत्री एक तृतीयांशावर आली, असा हा हिशेब.

यापुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला त्या आकड्यांहून अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनी लोकांसमोर रस्त्याचा नकाशा ठेवला आणि ‘यातील किती भाग तुम्हांला आपल्या घरासारखा वाटतो, तो दाखवा’ असे सांगितले. शांत रस्त्यावरील लोकांनी पुष्कळदा सारा रस्ताच आपला म्हणून दाखविला; समोरच्या बाजूची घरेही त्यांनी त्यात घेतली. गजबजलेल्या रस्त्यावरील लोकांची रेघ मात्र स्वतःच्या इमारतीपाशी, कित्येकांची तर आपल्या खोल्यांपाशीच थांबली. रस्ता ओलांडणे धोक्याचे, म्हणून समोरचे घर परक्या मुलखात गेले. मुले अंगणात खेळेनाशी झाली, वडीलधारी माणसे पायरीवर बसेनाशी झाली, खिडक्या बंद झाल्या. या प्राध्यापकांनी पुढे १९८१ साली याविषयी मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुर्दैव असे, की पुढच्याच वर्षी अथेन्स येथे एका भरधाव मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

हे वाचून माथेरान म्हणजे पृथ्वीवरील स्वर्ग, असे कोणी समजू नये. मोटार नाही म्हणून तिचे काम कोणाला तरी करावेच लागते, आणि ते कोण करते हे पाहिल्यावाचून हा पाठ अपुरा राहील. गावात लागणारा तांदूळ, साखर, विटा, सिमेंट, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या, हे सर्व दस्तुरीपासून आत न्यावयाचे असते. घोड्यांच्या पाठीवरून, हमालांच्या डोक्यावरून आणि हातगाड्यांवरून ते जाते. चार पैसे भाड्याचे, चार पैसे हमालीचे, असे करीत वस्तू वर पोहोचते, तोवर तिची किंमत वाढलेली असते. मध्यरात्री कोणी आजारी पडले, तर खालच्या मोठ्या इस्पितळापर्यंतची वाट फार लांब वाटते. आणि वाटसरूंची करमणूक करणारी माकडे हातातील पिशवी हिसकावून नेतात, तेव्हा मोटारीच्या बंद काचेचे महत्त्व पटतेच!

याहून गंभीर गोष्ट आहे हातरिक्षाची. ज्यांस चालवत नाही, घोड्यावर बसवत नाही, अशा प्रवाशांसाठी येथे कित्येक वर्षे माणसांनी ओढावयाच्या रिक्षा होत्या. एक मनुष्य पुढे दांडी धरून ओढी आणि एक-दोघे मागून ढकलीत. चढाच्या, खडबडीत वाटेवर, कधी पायांत वहाणा तर कधी अनवाणी, पावसात भिजत हे लोक रिक्षा ओढीत. त्यांचे श्वास फुललेले असत आणि आत बसलेला प्रवासी झाडी पाहत असे. यासही माणसामाणसांतील भेट म्हणावयाचे काय? अंतर तर दोन हातांचेच होते. परंतु एकाने बसावयाचे व दुसऱ्याने त्याचा भार ओढावयाचा, या भेटीत ‘कसे काय, बरे आहे ना?’ या प्रश्नास कितीसा अर्थ उरतो? खुद्द रिक्षा ओढणाऱ्यांनीच या कष्टांतून सुटका मागितली. विजेवर चालणाऱ्या लहान रिक्षा आम्हांस चालवू द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. घोडेवाल्यांस आपला धंदा बुडण्याची भीती वाटली, आणि त्यांची भीतीही निराधार म्हणता येत नाही. एका घोड्यावर एक कुटुंब जगते. अखेरीस प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०२२ साली विजेच्या रिक्षा प्रायोगिक रीतीने चालविण्यास अनुमती दिली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये, माणसाने माणसास ओढण्याची ही चाल मानवी प्रतिष्ठेस धरून नाही, असे सांगून ती सहा महिन्यांत बंद करावी आणि मूळच्या हातरिक्षावाल्यांस विजेच्या रिक्षा मिळाव्यात, असा निर्णय दिला.

मग विजेची रिक्षा आली म्हणजे गावाचे गावपण गेले काय? मला तसे वाटत नाही. तिचा वेग बेताचा असतो. ती उघडी असते. वाटेवरच्या माणसाने हाक मारली, तर आतल्या माणसास ऐकू येते. ती एकट्याची नसते. शाळेतील मुलगा, औषध घेऊन निघालेले आजोबा आणि मुंबईचा पाहुणा तिच्यात गुडघ्यास गुडघा लावून बसतात. यावरून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. माणसे दुरावतात ती चाकांमुळे नव्हे. बंद काच, फार मोठा वेग आणि ‘माझे वाहन माझ्यापुरते’ ही रीत, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे भेटी कमी होतात.

आपल्या राज्यात तर याची उदाहरणे पावलोपावली आहेत. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. धावली. (या नगरास आता अहिल्यानगर म्हणतात.) तेव्हापासून एस. टी.च्या बाकांवर किती माणसे एकमेकांस भेटली असतील, याची गणती कोण करणार? खिडकीपाशी बसलेल्या अनोळखी काकांनी शिदोरी सोडून “घे बाळ, लाजू नकोस” म्हणून भाकरीचा तुकडा पुढे केला नाही, असा प्रवासी महाराष्ट्रात विरळाच. लेकराला क्षणभर सांभाळा, गाठोडे पायाशी ठेवू द्या, अमुक गाव आले की उठवा, ही कामे आपण परक्या माणसावर खुशाल सोपवितो. मुंबईच्या लोकलगाडीत पाहावे, तर तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी जागा करून देण्याचा अलिखित नियम आहे. रोज ठराविक गाडीने, ठराविक डब्यातून जाणारे लोक तेथे टाळ वाजवून भजने म्हणतात, कोणाचे लग्न ठरले तर पेढे वाटतात, कोणी चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी चौकशी करतात. यांतील कित्येकांस एकमेकांचे आडनावही ठाऊक नसते. गर्दी असते, घाम असतो, पाय तुडविले जातात, भांडणेही होतात. भांडण झाले तरी ते समोरच्या माणसाशी होते, त्याच्या भोंग्याशी नव्हे!

ज्यांच्या घरी मोटार आहे, त्यांनी ती मोडीत काढावी, असे येथे सुचवावयाचे नाही. दूरच्या गावी रुग्णास न्यावयाचे असेल, रात्रीअपरात्री निघावयाचे असेल, तर मोटारीचे उपकार कोण नाकारील? पण कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावयाची असली, तरी मोटारीची किल्ली शोधणारी माणसे आपण पाहतो. त्या शंभर-दोनशे पावलांत चांभारकाका, पानवाला, खालच्या मजल्यावरच्या मावशी आणि ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे निवृत्त गुरुजी, असे चारजण तरी भेटले असते.

तुम्हांला वेळ असेल, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या प्राध्यापकांचा प्रयोग आपल्या वस्तीत करून पाहा. एका मोठ्या कागदावर आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा. दोन्ही बाजूंची घरे व दुकाने चौकोनांनी दाखवा. ज्या घरातील एका तरी माणसाचे नाव तुम्हांस माहीत आहे, तो चौकोन रंगवा. ज्याच्या दारात तहान लागली असता पाणी मागता येईल, त्यावर एक ठिपका द्या. मग आठवडाभर शाळेला चालत जा. घर फारच दूर असेल, तर बसमधून एक थांबा अलीकडे उतरा आणि तेवढाच भाग चाला. मात्र घरी सांगून, आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहून. आठवडा संपला की तोच कागद पुन्हा काढा आणि नवे चौकोन दुसऱ्या रंगाने रंगवा. ते किती भरतात, हे येथे बसून सांगता येणार नाही. ते प्रत्येकाच्या रस्त्यावर अवलंबून राहील. कागद वर्गात आणा, आणि शेजारच्या बाकावरील मित्राच्या कागदाशी ताडून पाहा.